थांबण्याची सोय

रात्री साडेनऊनंतर ओस्त्राव्हात
आठ नंबरची ट्राम वळणावर किंचाळते,
आणि मी, मेलेल्या यंत्राचं सोंग आणणाऱ्या
एका प्रोग्रामला सोयी शिवत बसते.

यंत्र म्हणजे काय, तर रबरी कळा, अठ्ठेचाळीस किलोबाइट.
आजचा एक फोटोसुद्धा मावायचा नाही,
पण तेवढ्यात अख्खं शहर: एकोणीस धुराडी,
ती झाडणारा काजळलेला पोरगा, तीन जीव.
अकराव्या धुराड्यावरून सगळेच पडतात.

म्हणून कळ केली: ये रे माझ्या मागल्या.
सेकंदाला पन्नास चित्रं, शेवटचे बारा सेकंद
मुठीत धरून ठेवते; दाबली
की पोरगा हवेतून उलटा वर येतो,
काजळीसुद्धा परत धुराड्यात शिरते.
मग टाइमप्लीज केलं, कुठेही, अगदी उडीच्या मध्यावर,
आणि ज्यांना मरायचंच नाही त्यांच्यासाठी लिंबूटिंबू.

क्वेतोस्लाव भडकला. हा रडीचा डाव आहे, म्हणाला.
आम्ही पडलो, पुन्हा पहिल्यापासून चढलो,
बोटांना घट्टे पडले तेव्हा कुठे…
मी म्हटलं, घट्टे तुझ्याकडेच राहू देत.
कळ दाबायची सक्ती नाही.

पहिलं गिऱ्हाईक तळमजल्यावरचा ओतोमार.
साठीला टेकलेला, क्रेनवर होता,
डावा हात थरथरतो म्हणून घरी बसवलेला.
मोठ्या तोऱ्यात उघडून दाखवलं:
कॅसेटची साडेपाच मिनिटं मी
पापणी लवेपर्यंत आटोपतील अशी केली होती.

"झालं?" तो म्हणाला. "एवढ्यात?"
खुर्ची त्याने पुरती ओढलीही नव्हती.
मग पडद्याकडे न बघता बराच वेळ बोलला.

सत्त्याऐंशी साली कॅसेट लागली की
ती कर्कश किंकाळी, भिंतींतून आरपार जाणारी.
खालचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे.
थोरला भाऊ, व्हिलेम, आवाज मुद्दाम वाढवायचा.
घरात बोलायच्या गोष्टी वेगळ्या
आणि कॅसेट चालू असताना बोलायच्या वेगळ्या.
पावावर चरबी, वर कांदा, आणि त्या गोंगाटात
कानाशी तोंड आणून तो म्हणाला,
ऑगस्टात युगोस्लाव्हियाला जातोय. फिरायला.
"फिरायला" म्हणताना हसला नाही.
लाल पट्टे जाऊन पिवळे आले, तेवढ्यात
मला कळायला हवं होतं, ओतोमार म्हणाला.
पण गेम सुरू झाला. आम्ही खेळलो.

चार रात्री लागल्या.
वेळ काढून टाकणं सोपं होतं, परत आणताना
एकेक बिट त्याच्या जागी उभा करावा लागला,
पट्ट्यांची थरथर, टेपची किंचित ढिलाई.
यादीत नाव काय द्यावं सुचेना. शेवटी लिहिलं: थांबा.
क्वेतोस्लाव म्हणाला, ही कसली सोय?
पण किंकाळीची पट्टी त्यानेच नीट जुळवून दिली.

काल ओतोमारने कांदा चिरून आणला.
साडेपाच मिनिटं आम्ही दोघं
ओरडणाऱ्या खोक्यासमोर.
मधेच तो काही बोलला. ऐकू आलं नाही.
मी मान हलवली.

मग खेळला. पडला. कळ दाबली.
लाजला नाही अजिबात: सव्वीस वेळा, मी मोजलं,
सव्वीस वेळा पोरगा उलटा वर आला,
आणि सत्ताविसाव्यांदा, त्याच थरथरत्या हाताने,
बारावा पडदा.

दोघा भावांपैकी कोणीच तो पाहिला नव्हता.
काही विशेष नाही. आणखी एक धुराडं,
उजवीकडे पक्षी, तोही धड काढलेला नाही,
बदक म्हणा, कावळा म्हणा.
ओतोमार पुढे खेळलाच नाही. टाइमप्लीज केलं,
चष्मा पुसला, बोटांवर काही मोजलं:
विनिपेगमध्ये आता साडेतीन वाजले असतील.