खडे

आधी डावी पापणी उतरली,
दुपारी तीनच्या सुमाराला, शटरसारखी, निम्म्यावर.
तुर्भ्याचा दाणाबाजार, गाळा चौऱ्याहत्तर.
मी आवक लिहीत होते
आणि मापाडी जगतापला वाटलं, मी त्याला डोळा मारला.
दोन दिवस तो भांग पाडून आला.

मग एका ट्रकचे दोन ट्रक.
मग भाकरी अर्ध्यात राहायची, जबडाच दमायचा.
हाक मारावी तर आवाज नाकातून, दुसऱ्याच बाईचा.
वडील माथाडी. शंभर किलोचं पोतं
पाठीवर घेऊन फळीवरून चालत जायचे.
मला पापणी उचलेना.

डॉक्टर केळुसकर म्हणाले, नस बरी आहे, स्नायूही बरा,
मधल्या दारात तुमचेच रखवालदार बसलेत,
निरोप आत सोडत नाहीत.
माझेच?
तुमचेच. पगारही तुम्हीच देता.

नेरूळला, पाचव्या मजल्यावर, मानेत नळी.
यंत्र गरगरतं, मिक्सरइतकाही आवाज नाही.
प्रज्योत नावाचा पोरगा त्याच्याशी अरेतुरेत बोलतो.
जड ते लाल खाली, हलकं ते पिवळं वर.
लाल मला परत.
पिवळं पिशवीत जमतं,
तूरडाळीच्या पहिल्या धुवणासारखं.

चोवीस वर्षं धान्य बघतेय, राहवलं नाही.
म्हटलं, खडे तेवढे वेचत का नाही?
ते दिसत नाहीत ना मावशी,
म्हणून पाणीच सगळं ओतून द्यायचं.
चांगलंही जातं त्यात?
जातं की.

बदल्यात अल्ब्युमिन, बुटक्या बाटल्यांतून,
कुणाकुणाच्या रक्तातलं, ज्यांना मी ओळखत नाही.
बिलवाली बाई बाटल्या मोजते, मीही मोजते.
दोन-दोन दिसतात, निम्मे करते.
ओठांना मुंग्या येतात, दात वाजतात,
प्रज्योत कॅल्शियम सोडतो,
आपला स्वेटर माझ्या पायांवर टाकतो.

असं एक दिवसाआड, पाच वेळा.
ते पुन्हा तयार होणार, तो आधीच सांगून ठेवतो,
म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत.
बरं, म्हणाले मी. आवाज माझा होता.
आम्ही दोघंही क्षणभर गप्प.

नंतर जगताप आला, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन.
चावून दाखवा, म्हणाला.
एकवीस दाणे चावले.
बाविसाव्याला थांबले, दमून नव्हे,
दाताखाली कचकन आलं.
काढून तळहातावर ठेवला.
एकच दिसत होता.