दाराचा आवाज

माझं काम हलकं आहे.
म्हणजे, हलकं करण्याचं आहे.
दार काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा,
आकडा फुगला असेल तर वीत्सेला फोन.
वीत्से येतो, कानामागे पेन्सिल,
दाराभोवती शिंप्यासारखा फिरतो,
अजून कुठे मूठभर कापड वाचेल ते बघत.
बिजागरीखाली साठ ग्रॅम.
काचेच्या खाचेत एकशे दहा.
पोलादाचं दार अठरा किलोचं होतं.
आमचं, आज सकाळी, दहा किलो चारशे वीस.

दाराचं अंग जवसाचं.
इथे लैये नदीच्या दोन्ही काठांना जवसच.
जूनमध्ये निळा फुलतो, तोही दुपारपर्यंत,
मग पाकळ्या टाकून शेत पुन्हा हिरवं बसतं
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.
जवस कापत नाहीत. मुळासकट उपटतात,
शेतातच आडवा पसरतात, दवात, पावसात,
आणि कुजू देतात, पण बेतानं.
एक दिवस कमी, तर धागा काडीला सोडत नाही.
एक दिवस जास्त, तर धागाच उरत नाही.
तो दिवस कोणता,
हे म्हातारा कामिएल काडी मोडून, हुंगून सांगतो.
वीत्सेकडे त्यासाठी एक यंत्र आहे.
यंत्र आधी कामिएलला विचारतं.

मग विंचरलेला, विणलेला, माझ्या टेबलावर.
साच्यात चार थर, उभा, तिरपा, उभा, तिरपा,
वर प्लास्टिकची पिशवी, पंप सुरू.
हवा निघून जाते, आणि राळ
धाग्याधाग्यातून आपण होऊन चालू लागते,
बिस्किटात कॉफी चढते तशी.
एक बुडबुडा राहिला की दार भंगारात.
गेल्या मंगळवारी तीन गेली.

माझा बाप ओडिलोन, एकतीस वर्षं प्रेसवर.
पत्रा आत, दार बाहेर.
बाराशे टनांचा ठोका.
डाव्या हाताची दोन बोटं त्यानं तिकडेच ठेवली.
तो हलक्या कानाचा नाही.
गाडी घ्यायची तर बॉनेट उघडत नाही, किंमत विचारत नाही,
दार लावून बघतो.
धप्प, म्हणजे गाडी.
खण्ण, म्हणजे सार्डिनचा डबा.

कारखाना घरच्यांना दाखवायच्या दिवशी
मी त्याला नमुन्याच्या गाडीपाशी नेलं.
त्यानं दार लावलं.
टक.
उघडलं. परत लावलं.
टक.
"कपाटाचं आहे," म्हणाला.

वीत्सेनं समजावलं.
दार हलकं, तर बिजागरी हलकी,
बिजागरी हलकी तर खांब हलका,
मग ब्रेक लहान, बॅटरी लहान,
मग बॅटरी लहान म्हणून सगळंच आणखी हलकं,
असं एकमेकांचं ओझं उतरवत गेलेलं गणित.
बाप ऐकत होता,
उरलेल्या बोटांनी जवस ठोठावत.
"बरोबर आहे," म्हणाला,
"पण रात्री, पावसात, एकटं माणूस आत बसलं,
त्यानं दार ओढून घेतलं,
तर त्याला कळेल का, की लागलं?"
वीत्सेनं पेन्सिल कानामागून काढली
आणि परत ठेवली.

तीन आठवड्यांनी वरून कागद आला.
चाळीस माणसं, डोळ्यांवर पट्ट्या, एक दार.
कपाट कुणी म्हटलं नाही.
एका बाईनं 'खेळण्यातलं' म्हटलं.

आता दाराच्या पोटात डांबराचा काळा तुकडा असतो,
तीनशे चाळीस ग्रॅम.
त्यानं दार मजबूत होत नाही.
धडकेत तो कुणाला वाचवत नाही.
तो फक्त धप्प म्हणतो.

तो मीच चिकटवते. अंगठ्यानं, कडेकडेनं.
मग काटा: दहा किलो सातशे साठ.
फोन करत नाही.
वाढीव वजनाच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना आहे,
वीत्से तिथे 'ध्वनी' लिहितो.
पहिल्या दिवशी मी 'ओडिलोन' लिहिलं होतं.
लगेच पांढरी शाई लावली.
पण फॉर्म दोन प्रतींत असतो,
आणि खालच्या कागदावर, कार्बनच्या निळ्यात,
बाप अजून आहे.