डावीकडे वळताना

फ्यूज तीनदा उडाला, तेव्हा दोसूनं
सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली.
वेफानं ती काढली,
त्याच्याच तळहातावर ठेवली.
"राखणदार होता तो. तू त्याला लाच दिलीस."

कोतोनूची हवा खारी.
जोडाजोडांत शिरते, तांबं कळकून हिरवं पडतं.
ते तिनं पुसलं, ग्रीस भरलं.
पण आजचं दुखणं ते नव्हे.

फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला.
विझलेलाच. म्हणजे तूर्त बरं आहे.
सीटखाली वायरी हलवल्या. विझलेलाच.
टाकीखाली. मागे, शेपटीच्या दिव्यापर्यंत.
दोसूच्या पिवळ्या सदऱ्याला घाम,
समोरून दोन गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या मागे बसून गेली.

"बंद कुठे पडते?"
"कुठेही."
मग जरा वेळानं, "बाजाराच्या वळणावर."
"कुठल्या हाताला?"

तिनं हँडल डावीकडे फिरवलं
आणि बल्ब लख्ख पेटला.
खोट सापडली की ही बाई अशी हसते,
जणू हरवलेलं पोर दारात उभं.

गाडीच्या मानेपाशी, जिथे सगळ्या वायरी वाकतात,
एक लाल. कुणीतरी टायनं करकचून आवळलेली,
प्रत्येक वळणाला लोखंडावर घासत
नखाएवढी उघडी पडलेली.

सांधली. जुन्या ट्यूबची बाही चढवली.
टाय कापून सैल बांधला, दोन बोटं आत जातील इतका.
नवा फ्यूज, दहाचा. पंधराचा मागितला, दिला नाही.

दोसूचं घर उजवीकडे.
तो डावीकडे वळला,
आणि पुढच्या चौकात पुन्हा एकदा.