छत्तीसचा आकडा

बेलापूर, सेक्टर अकरा, चौथा मजला.
टेबलावर नकाशा: समुद्रतळाखाली तीन किलोमीटर
एकच साठा, वर दोन कंपन्यांची हद्द.
नियम म्हणतो, विहिरी सामाईक, हिस्से टक्क्यांत.
मी टिपणी लिहिते: चौसष्ट, छत्तीस.
वकील छत्तीसवर अडलेत.

तेलाला हद्द ठाऊक नाही.
दाब कमी तिकडे ते सरकतं,
शेजाऱ्याच्या नळीतसुद्धा.

करावे गावात बाबा नि मोरेश्वरकाका
एकाच उघाडीवर आळीपाळीने जाळं लावायचे.
भरती कुणाची, ओहोटी कुणाची,
कागद नव्हता.
मग शेत गेलं,
साडेबारा टक्क्यांचा कागद आला,
आणि दोघं बोलेनासे झाले.

चहा येतो. छत्तीसचे सदतीस होतात.
मी खोडते, एकाच रेघेत,
खालचा आकडा वाचता यावा म्हणून.