खालचा थर

नमुना एकशे बारा. वजा ऐंशीतून काढला
की आधी नुसता धूर, पांढरा, थंड.
मग चिमट्यात नखाएवढा तुकडा,
राखाडी, कडेला जरा पिवळसर.
मी त्याचं नाव विचारत नाही. तसा नियमच आहे.

क्लोरोफॉर्म दोन भाग, मिथेनॉल एक.
कुटायचं, गाळायचं, थोडं मीठपाणी,
आणि थांबायचं.
घाई केली तर सगळं गढूळ राहतं.
नळीत हळूहळू दोन थर पडतात :
वर पाणी, आणि पाण्याबरोबर जाणारं सारं,
खाली स्नेह.
लोणी तरंगतं हे फ्रीसलंडमध्ये लहानपणी पाहिलेलं,
हात अजून चुकून वरच्या थराकडे जातो.

पुस्तकात त्याला पेशीची भिंत म्हणतात.
भिंत कसली!
दोन पापुद्रे, डोकी बाहेर, शेपट्या आत,
एका जागी क्षणभर न ठरणारे.
त्यांतून आरपार एक प्रथिन उभं, खुंटासारखं.
एक कात्री त्याला बाहेरून छाटते,
दुसरी राहतेच पापुद्र्यांच्या आत.
साय किंचित जाड, किंचित पातळ,
आणि काप दोन मणी इकडे किंवा तिकडे.
चाळीस मण्यांचा तुकडा बहुधा वाहून जातो,
बेचाळीसचा चिकटतो.
कदाचित.
हातमोज्यांखालोखाल आमच्याकडे
हाच शब्द सगळ्यात जास्त खपतो.

नोव्हेंबरात नातेवाइकांचा दिवस असतो.
कॉफी, मसाल्याचा केक, प्रोफेसरांच्या स्लाइड्स,
रंगीत पापुद्रे पडद्यावर डुलताना.
वीब्रन हुकेमा शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर.
एकेचाळीस वर्षं डेअरीत काढलेले हात.
प्रोफेसरांना काही विचारलं नाही त्यांनी.
मी कप गोळा करत होते, तिथे आले.

'शाउक्ये रोज माझंच लोणी खायची.
खारं. दातांचे ठसे उमटतील इतकं जाड.
शेवटी शेवटी तर मीच लावून द्यायचो पावाला.
आता तुम्ही म्हणता, सगळं मेदाचं आहे.
म्हणजे माझ्या लोण्यानं झालं का?'

नाही, म्हटलं. तो मेद वेगळा,
मेंदू आपली चरबी बरीचशी घरातच करतो.
हे खरं आहे.
पण विज्ञान जितक्या लवकर नाही म्हणू देतं
त्याच्या फार आधी मी नाही म्हटलं होतं.

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
माझं नाव गेलं, मुलींची गेली,
घरातली संडासची वाट गेली.
पण लोण्याच्या गोळ्यावर बोट दाबून म्हणायची,
अजून पाणी आहे यात.
आणि असायचं.

सोमवारी काचेच्या पट्टीवर थेंब ठेवले,
शेजारी त्याच वयाच्या, सगळं आठवणाऱ्या कुणाचे.
एका जागी आमची रेघ फिकी.
रेघ आधी फिकी झाली की माणूस,
काच सांगत नाही.
तिला विचारायचं कसं
हेही अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

एकशे तेरा.
नळी उजेडात तिरपी धरते.
खालच्या थरात धूसर काहीतरी.
अजून पाणी आहे यात,
मी मोठ्यानं म्हणते, खोलीत कुणी नसताना,
आणि पुन्हा फिरवायला ठेवते.