वाळ्याखालची जागा

आजोबांच्या बाडात गावाचं नाव गुलशनाबाद,
माझ्या बाडात पुन्हा नाशिक.
नायटा मात्र दोन्हीकडे नायटाच.
चिवट, वळणावळणाचा,
लेखणी न उचलता मोडीत लिहीत जावं तसा.

म्हाळसा तांबटीण आली मार्गशीर्षात.
डाव्या घोट्याभोवती लाल कडं,
ओलसर, कडेला खवले,
वर पितळी वाळा, चकचकीत.
"कधीपासून?"
"ते लष्कराबरोबर गेले तेव्हापासून. देगी झाळायला."
बोटं मोजली, मोडली, पुन्हा मोजली.
"दोन दसरे झाले."

टाकळ्याचं बी, आंबट ताकात तीन दिवस भिजवून,
वाटून, लेप.

पौषात कमी. माघात परत.
मग करंजतेल. कडुनिंबाच्या पाण्यानं धुणं.
पोटात खैरसाल, उपळसरी, मंजिष्ठ,
आठ वाट्यांची एक वाटी होईतो आटवून.
पथ्य सांगितलं: वांगं नको, गूळ नको, चिंच नको.
"चिंच कशी सोडू वैद्यबुवा?
आमची भांडी चिंचेनंच उजळतात."
"हातानं उजळ. तोंडानं नको."
हसली. त्या साली एवढंच हसली माझ्यासमोर.

फाल्गुनात नासर्डीच्या डोहातून जळवा आणवल्या.
चार लावल्या.
एक वाळ्याखाली शिरली
आणि लगेच सुटून पाटावर पडली,
जीभ पोळल्यासारखी.
जळवेला कळलं ते मला कळलं नाही.
मी सुरतेच्या उदम्याकडून चोपचिनी मागवली,
पैसे माझेच गेले.

चैत्रात एका पहाटे गंगेवर
ती धुणं धुत होती, गुडघाभर पाण्यात.
खाजवायला वाळा वर सरकवला, पोटरीपर्यंत,
आणि तिथंच अडकू दिला.
आठ दिवसांनी दाखवायला आली
तर घोटा निवलेला,
पोटरीवर नवं कडं.

"काढ हा."
"निघत नाही. त्यांनी पायातच झाळलाय.
निघायच्या आदल्या रात्री.
खाली ओलं फडकं धरलं होतं, तरी चटका बसला."
"घरात कानस आहे?"
"घर कानशींनीच भरलंय."
मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
खलात बत्ता तसाच उभा.
"कापला तर," ती म्हणाली,
आणि पुढचं वाक्य घेऊन घरी गेली.

बाडात मी लिहिलं: असाध्य.
खोडलं.
लिहिलं: याप्य.
म्हणजे औषध चालू तोवर आटोक्यात,
औषध थांबलं की पुन्हा येणार.
वडिलांनी हा शब्द शिकवला तेव्हा
मला तो रोगाचा वाटला होता.

वाळ्याच्या आतून गुंडाळायला चिंधी दिली,
मेण आणि करंजतेल लावून.
रोज बदल, म्हटलं. रोज धू.
पितळ कातडीला टेकता कामा नये.
याला शास्त्रात आधार नाही,
असलाच तर चपलेच्या अंगठ्यात कापूस घालणाऱ्या
प्रत्येक माणसाचा आहे.

वैशाखात लष्कराचे काही लोक परतले.
एक पखालजी, दोन बैलवाले, एक आंधळा तोफेकरी.
तांबट आळीतल्या बाया पाणी भरायला जाताना
त्यांच्या दारावरून लांबचा फेरा घेऊन गेल्या.
म्हाळसा सरळ वाटेनं गेली.
काय विचारलं, काय ऐकलं, मला ठाऊक नाही.
आषाढात ती आली नाही.

श्रावणात आली.
फी म्हणून माझं काढ्याचं पातेलं मागून घेतलं,
ओसरीवर बसून कल्हई केली,
काठ उसवला होता तो घासून सारखा केला.
हात बसलेला, पुरुषाचा बसावा तसा.
पाय लुगड्याच्या काठाखाली.
"खाज?" मी विचारलं.
"नाही."

कानस ठेवून ती पाणी प्यायला उठली.
मी उचलून पाहिली, उगाच.
पातेलं तांब्याचं होतं.
कानशीच्या दातांत
पिवळी पूडही होती.

बाडात त्या दिवसाखाली लिहिलंय:
टाकळा, करंजतेल. चिंधी चालू ठेवणे.