शेवटचा सात

शिवरात्र सरली की भुसावळची हवा
दुपारी दार लोटून आत येते
आणि न विचारता खाटेवर बसते.
तेव्हाच छापल्या मी पहिल्या चिठ्ठ्या, पाचशे,
स्वस्तातला पिवळा कागद:
कूलर दुरुस्ती, वाळा बदलून मिळेल, घरी येऊन.
टिकाराम तायडे.
खाली नंबर.

रोज वीस वाटायच्या. एकोणीस नाही, एकवीस नाही.
एवढंच माझ्या हातात होतं म्हणून एवढंच ठरवलं.
खडका रोड, जामनेर रोड, पंधरा बंगला,
दाराच्या फटीतून, दुधाच्या पिशवीत,
एकदा तर झोपलेल्या वॉचमनच्या खिशात.
संध्याकाळी फोन समोर ठेवून जेवायचो.
फोन गप्प.
कोकिळा म्हणाली, कळण्याची भाकरी निवते आहे,
त्याच्याकडे बघून तो वाजणार आहे का?

पंचवीस दिवस.
पाचशे चिठ्ठ्या संपल्या आणि
उरला फक्त पाय दुखण्याचा हिशोब.

सव्विसाव्या दिवशी सावद्याच्या एसटीतून
एक म्हातारा उतरला, धोतर, हातात छत्री,
विचारत विचारत दारापर्यंत आला.
"तायडे तुम्हीच का? मी लीलाधर नेहेते,
केळीच्या वखारीवर लिखापढी करतो.
महिना होत आला भो,
लोक मला कूलर विचारू राह्यले."

मी चिठ्ठी काढली. नंबर वाचला.
घाईत लिहिलेला माझा शेवटचा सात
प्रेसवाल्यानं एक वाचला होता.

त्यांनी खिशातून वजनपावती काढली, केळीची,
मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात अकरा नावं,
प्रत्येकापुढे गल्ली, आणि दुखणं:
पंप गुरगुरतो.
पाणी गळतं, खालचे भांडतात.
हवा येते पण गरम.
सासूबाईंना झोप नाही, लवकर.

"राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचे ना," मी म्हणालो.
"दोघांना तसंच म्हटलं," ते म्हणाले,
"मग वाटलं, रोज एखादा फोन येतो
म्हणजे तिकडे कुणीतरी रोज उन्हात फिरतंय.
लिहून घेऊ लागलो. पाणी द्या."

अकरापैकी सात जणांनी दुसरा मिस्त्री गाठला होता.
उरलेल्या चौघांकडे त्याच दिवशी गेलो,
सासूबाईंकडे आधी.
काम झाल्यावर कूलरच्या झाकणाच्या आत
चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली,
पेनानं एकाचा सात केला.
पुढच्या शिवरात्रीला त्या चौघांना मीच फोन लावला:
टिकाराम बोलतोय, ऊन चढायच्या आत पंप पाहून जाऊ?
तिघे हो म्हणाले.
चौथ्यानं कूलर विकला होता,
पण मेहुण्याचा पत्ता दिला.

नऊ वर्षं झाली त्याला.
आता हाताखाली एक पोरगा आहे, एक जुनी स्कूटर,
एक वही, झाकणांवरच्या तारखांची.
पोरगा म्हणतो, काका, एकदाच दोन हजार वाटून टाकू.
मी वीस मोजून त्याच्या हातात देतो.
प्रेसमध्ये नंबर मोठ्यानं वाचतो,
शेवटचा आकडा दोनदा.

नेहेत्यांचा कूलर दरवर्षी मी करायचो,
पैशाचं नाव काढलं की ते छत्री उगारायचे.
दोन उन्हाळे मात्र जाणं झालं नाही.
परवा लावला त्यांना फोन, शेवटी एक.
नातीनं उचलला.
"आजोबा गेले कार्तिकात," ती म्हणाली,
थोडं थांबून, "कूलरचं काम होतं का?
त्याचा नंबर इथे भिंतीवर लिहिलाय त्यांनी.
घ्या लिहून. शेवटी सात आहे हं, एक नाही."

मी नाव सांगितलं नाही.
वही उघडली
आणि ती सांगत गेली तसा
माझाच नंबर उतरवून घेतला.